ढगातला प्रभार पडताना करंट कसा होतो?

(लायटनिंग अरेस्टर आणि सर्ज प्रोटेक्टर बसवून घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

काम सुरू असताना एक प्रश्न हमखास विचारला जातो: आकाशातली वीज म्हणजे शाळेत शिकलेली स्थितिक वीज, की वायरिंगमधून वाहतो तो करंट? ढगात असते तोवर ती स्थितिक, आणि पडते तेव्हा करंट. आम्ही बसवतो ती साधनं या दुसऱ्या अवस्थेसाठी असतात, म्हणून हा फरक प्रत्येक ग्राहकाला कळावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

गडगडाटी ढगात हिमकण आणि मऊ गारा सतत एकमेकांवर आपटतात. या टकरींत गारांकडे बहुधा ऋण प्रभार जातो आणि हिमकणांकडे धन. हलके हिमकण वाऱ्याबरोबर माथ्याकडे चढतात, जड गारा खाली राहतात. कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, तिथेही प्रभारांची अशीच फारकत झालेली असते. १७५२ साली बेंजामिन फ्रँकलिन यांनी सुचवलेल्या प्रयोगातून हे नातं पहिल्यांदा सिद्ध झालं. पुढच्याच वर्षी असाच प्रयोग करताना सेंट पीटर्सबर्गमध्ये गेऑर्ग रिचमन यांचा जीव गेला.

ढगाच्या तळाशी ऋण प्रभार वाढला की हवेचा रोध तुटतो. सुमारे ५० मीटरच्या टप्प्याटप्प्याने वाट काढत प्रभार खाली येतो. जमिनीजवळच्या झाडातून, टॉवरमधून किंवा इमारतीच्या टोकातून त्याला भेटायला एक ठिणगी वर निघते. दोन्ही जुळल्या क्षणी साधारण ३०,००० अँपिअर करंट वाहतो. हवा सुमारे ३०,००० अंशांपर्यंत तापून फुगते, तोच गडगडाट. त्याच वाटेने बहुतेक वेळा आणखी दोन-तीन तडाखे येतात, म्हणून लखलखाट थरथरल्यासारखा दिसतो.

गंमत म्हणजे या सगळ्यातला एकूण प्रभार फार नसतो. ५ अँपिअर घेणारी इस्त्री ४ सेकंद चालली तर जेवढा वाहील, साधारण तेवढाच. धोका आहे तो वेगात.

याच वेगामुळे एमसीबीवर (करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या बोर्डातल्या स्विचवर) भरवसा ठेवता येत नाही. त्याला उघडायला काही मिलिसेकंद लागतात, तोवर मायक्रोसेकंदांत येणारा झटका टीव्ही-राउटरमधून निघून गेलेला असतो. बटण बंद करणंही पुरेसं नाही. ज्या विजेने किलोमीटरभर हवा ओलांडली, तिला बटणातली काही मिलिमीटरची फट अडवणार नाही. वादळ येण्याआधीच प्लग काढा. अँटेनाची आणि इंटरनेटची तांब्याची वायरही काढा, कारण वीज जवळपास कुठे पडली तरी लांब वायरमध्ये सर्ज, म्हणजे व्होल्टेजचा क्षणिक झटका, निर्माण होतो. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र वायरींना हात लावू नका.

डाउन कंडक्टर, म्हणजे अरेस्टरपासून जमिनीपर्यंत करंट नेणारी तार किंवा पट्टी, भिंतीवर दिसू नये म्हणून तो छज्जाखालून वळवून न्या, असा आग्रह बरेच जण धरतात. तो आम्ही नम्रपणे नाकारतो. करंट एका मायक्रोसेकंदात १०,००० अँपिअरने वाढला तर तारेच्या दर मीटरला साधारण १०,००० व्होल्टचा फरक पडतो. तार कितीही जाड असली तरी हा आकडा फारसा उतरत नाही. तीव्र वळण दिलं तर वीज ते वळण सोडून मधल्या भिंतीतून सरळ उडी मारू शकते. पट्टी थोडी डोळ्यांत खुपली तरी ती सरळ आणि आखूडच हवी.

अरेस्टरची अर्थिंग आणि घराची अर्थिंग एकमेकींना जोडलेली असणंही तितकंच महत्त्वाचं. वेगळी ठेवली तर तडाखा बसताना दोन्हींमध्ये प्रचंड व्होल्टेज उभं राहतं आणि ते उपकरणांमधूनच मार्ग शोधतं. अरेस्टर ढग रिकामा करत नाही किंवा लांबची वीज ओढूनही आणत नाही. इमारतीवर येणारच असलेल्या करंटला तो जमिनीत जायची वाट देतो. जवळ कितीही चांगला अरेस्टर असला तरी मोकळ्या गच्चीवर थांबू नये.

सर्ज प्रोटेक्टर एरवी गप्प असतो. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की क्षणात वाहक होऊन सर्ज अर्थिंगकडे वळवतो. असे झटके झेलताना आतला भाग हळूहळू झिजतो. आमच्या प्रोटेक्टरच्या खिडकीत हिरवी खूण दिसते ना, हे प्रत्येक मोठ्या वादळानंतर पाहा. ती लाल झाली असेल तर घरातले दिवे-पंखे नेहमीसारखे चालू राहतील, पण संरक्षण संपलेलं असेल. आतला भाग बदलून घेण्यासाठी लगेच कळवा.