जड रॉड की कडक स्प्रिंग? स्पर्धेच्या पिस्तुलात कोणाचं काम काय

स्पर्धेच्या पिस्तुलाचा झटका कमी करायचा म्हटलं की रेंजवर दोन सल्ले हमखास मिळतात. एक, जड गाईड रॉड (रिकॉइल स्प्रिंगच्या आतून जाणारी दांडी) टाका. दोन, रिकॉइल स्प्रिंग बदला. दोन्ही भाग एकमेकांत बसलेले असतात, पिस्तूल उघडलं की एकत्रच हातात येतात आणि विकतानाही पुष्कळदा एकाच पुडीत येतात. त्यामुळे एकाचं काम दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं. इंदूर-महूकडच्या नेमबाजाला हा गोंधळ परवडत नाही, कारण इथे चुकीचा भाग घेतला तर तो बदलून मिळायला महिने जातात.

आधी स्प्रिंग. गोळी सुटली की स्लाईड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे फेकली जाते. स्प्रिंग तिला येताना अडवते आणि साठवलेल्या जोरावर परत पुढे ढकलते. या परतीच्या वाटेवर मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या खणात) शिरतं आणि स्लाईड बंद होते. हा जोर पौंडात सांगतात, तोही स्लाईड पूर्ण मागे असतानाचा. पाच इंची नळीच्या, .45 बोअरच्या 1911 ला (हा पिस्तुलाचा जुना, गाजलेला ढाचा) कारखान्यातून 16 पौंडाची स्प्रिंग येते, म्हणजे साधारण सव्वासात किलो. त्याच ढाच्याच्या 9 मिमी स्पर्धा पिस्तुलात हलक्या काडतुसांना 9 ते 12 पौंड पुरतात. आपल्याकडे 9 मिमी सामान्य परवान्यावर मिळत नाही; पण हे आकडे व्हिडिओंमधून ऐकून लोक ते थेट आपल्या .32 बोअरच्या पिस्तुलाला लावायला जातात, म्हणून ते कुठले आहेत हे माहीत असलेलं बरं.

स्प्रिंगने एकूण झटका कमी होत नाही. गोळी आणि वायू जेवढा संवेग पुढे नेतात तेवढाच मागे येणार. तो हाताला कधी आणि कशा तऱ्हेने पोचेल, एवढंच स्प्रिंगच्या ताब्यात आहे. कडक स्प्रिंग असेल तर स्लाईड मागे कमी आपटते, पण बंद होताना जोरात आदळते आणि नळीचं तोंड खाली डुबकी मारतं. हलकी स्प्रिंग असेल तर मागची आपट वाढते आणि परत येणं मऊ होतं. सलग दुसरी गोळी मारणाऱ्याला त्या डुबकीचाच त्रास जास्त होतो: पुढची साईट वर जाऊन परत येताना निशाणाच्या खाली घसरते आणि तिला पुन्हा उचलावं लागतं.

आता रॉड. त्याचं मूळ काम स्प्रिंगला सरळ ठेवण्याचं आहे, म्हणजे दाबली गेल्यावर ती मध्येच वाकत नाही. पण ध्यानात ठेवायची गोष्ट अशी की 1911, सीझेड किंवा ग्लॉकसारख्या पिस्तुलात रॉड स्लाईडबरोबर पळत नाही. त्याचं डोकं मागे टेकलेलं असतं आणि स्लाईड त्याच्यावरून सरकते. त्यामुळे रॉडचं वजन स्लाईडचा वेग कमी करत नाही, काडतूस भरण्यात सुधारणा करत नाही आणि कमजोर स्प्रिंगची भरपाईही करत नाही. ते पिस्तुलाच्या स्थिर भागात, तेही पुढच्या टोकाला, भर घालतं. बस, इतकंच.

ही भर किती असते, हे हिशेबाने बघू. 6 मिमी जाडीचा, 100 मिमी लांबीचा भरीव रॉड धरला तर ॲल्युमिनियमचा साडेसात ग्रॅमच्या आसपास भरतो, स्टीलचा 22 आणि टंगस्टन मिश्रधातूचा सुमारे 49. स्टीलवरून टंगस्टनवर गेलात तर 27 ग्रॅम वाढले. सीझेड शॅडो 2 सारखं पिस्तूल सव्वातेराशे ग्रॅमच्या आसपास असतं. त्यात ही वाढ दोन टक्के. ‘झटका निम्म्यावर’ असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण हे दोन टक्के योग्य जागी बसतात. मनगटापासून 18 सेंटीमीटर पुढे असलेलं वजन नळीच्या उचलीला 9 सेंटीमीटरवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा चौपट विरोध करतं, कारण इथे अंतराचा वर्ग धरला जातो. म्हणून फरक हाताला खरोखर जाणवतो. प्रत्यक्ष वजन मात्र पाकिटावर छापलंय म्हणून मानू नका. सराफ्यात ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर जुना आणि नवा रॉड पाच मिनिटांत तोलून होतात.

पुढच्या भाराची किंमतही मोजावी लागते. एका निशाणावरून दुसऱ्यावर जाताना जड तोंड उशिरा हलतं आणि उशिरा थांबतं. रॅपिड फायरमध्ये पाच निशाणं 8, 6 आणि शेवटी 4 सेकंदांत संपवायची असतात (महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये घडलेल्या विजय कुमारने 2012 साली लंडनला याच प्रकारात रौप्य जिंकलं). तिथे हात 45 अंशांवरून उचलताना जड तोंडाचं पिस्तूल निशाणाच्या वर निघून जाण्याची शक्यता असते. शिवाय नियमाची मर्यादा आहे: आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) 25 मीटर प्रकारांत रिकाम्या मॅगझिनसह आणि सगळ्या जोडण्यांसह पिस्तूल 1400 ग्रॅमच्या वर चालत नाही. तुमचं आजच 1380 भरत असेल तर टंगस्टनचे 27 ग्रॅम तुम्हाला तपासणीच्या टेबलावरूनच परत पाठवतील.

पूर्ण स्लाईडऐवजी आतला छोटा बोल्ट मागे-पुढे पळणाऱ्या .22 च्या अनेक टार्गेट पिस्तुलांत रॉड छोटा असतो आणि मागच्या बाजूला रिसीव्हरच्या पोटात बसतो. तिथे त्याचा धातू बदलून तोंडाशी काहीच वजन येत नाही. अशा पिस्तुलात भार हवा असेल तर नळीखालची वजनंच लावायची आणि रॉडला हात लावायचा नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी स्प्रिंग, तीही स्पर्धेत वापरणार त्याच काडतुसांवर. रॉड त्यानंतर, आपल्या हाताच्या सवयीप्रमाणे. दोन्ही एकाच दिवशी बदलले तर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही.

नवी स्प्रिंग किंवा नवा रॉड बसवला की गोळी मारण्याआधी एक तपासणी टाळूच नका. मॅगझिन बाहेर काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटानेही रिकामा असल्याची खात्री करा, डोळ्यांवर चष्मा असू द्या. सुटी स्प्रिंग निसटली तर थेट चेहऱ्याकडे येते. स्प्रिंग न लावता स्लाईड पूर्ण मागे ओढा आणि ती फ्रेमवर (पिस्तुलाच्या खालच्या स्थिर भागावर) कुठवर येते तिथे पट्टी चिकटवून बारीक रेघ मारा. मग स्प्रिंग-रॉड लावून पुन्हा पूर्ण मागे ओढा. स्लाईड त्या रेघेपर्यंत आलीच पाहिजे. आधीच अडली तर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकताहेत. असं पिस्तूल चालवलं तर प्रत्येक गोळीचा धक्का स्प्रिंगवर आणि रॉडच्या डोक्यावर बसतो, आणि काही दिवसांत डोकं वाकतं किंवा तडकतं. कागदावरही हिशेब होतो: 1.1 मिमी तारेचे 30 वेढे म्हणजे 33 मिमी, आणि जागा त्याहून जास्त हवी. शॉक-बफर (मागची आपट झेलणारी मऊ चकती) लावला असेल तर त्याची दोन-तीन मिलिमीटर जाडीही त्यात धरा. जाड डोक्याचा रॉड, लांब स्प्रिंग आणि वर बफर, ही तिकडी या भानगडीचं नेहमीचं कारण.

रेंजवर सुरुवात मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून करा. गोळी सुटल्यावर स्लाईड मागे अडकून उभी राहिली पाहिजे. असं पाचदा, मग थोड्या सैल पकडीने आणखी पाचदा. स्लाईड अडकत नसेल, पुंगळ्या पायाशीच पडत असतील किंवा बाहेर पडायच्या खिडकीत उभ्या अडकत असतील तर स्प्रिंग काडतुसाच्या मानाने कडक आहे. पुंगळ्या चार-पाच मीटरवर उडत असतील, बफर लवकर फाटत असेल किंवा शेवटचा एक मिलिमीटर बंद व्हायला स्लाईड आळस करत असेल तर ती हलकी आहे. ग्लॉकसारख्या स्ट्रायकरच्या (हातोडीऐवजी स्प्रिंगवरच्या सुईने काडतूस फोडणाऱ्या) पिस्तुलात हा शेवटचा प्रकार जास्त होतो, कारण स्लाईड बंद होताना स्ट्रायकरची स्प्रिंग दाबली जाते आणि स्लाईडला मागे रेटत असते.

दोष स्प्रिंगवर टाकण्याआधी तेल बघा. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी इंदुरात घट्ट तेलाने .22 चा बोल्ट अर्ध्यात थकतो. मेमध्ये माळव्याची काळी धूळ त्याच तेलात मिसळून लेप बनते. दोन्ही वेळी लक्षणं कडक स्प्रिंगचीच दिसतात. हलकी स्प्रिंग टाकून ती लपतात, आणि पिस्तूल साफ झालं की मागची आपट सुरू होते.

स्प्रिंगचे वेढे कापून ती हलकी करण्याचा सल्ला मानू नका. कापलेल्या स्प्रिंगचा जोर सगळीकडेच घटतो, पण सर्वात जास्त पुढच्या टोकाला, म्हणजे नेमका स्लाईड बंद करायला लागणारा जोरच जातो. दोन तुकडे पेचाने जोडलेला रॉड घेतला असेल तर प्रत्येक सत्रानंतर पेच तपासा. तो गोळीबारात सैल होतो. एकसंध रॉडला ही कटकट नसते, म्हणून उपलब्ध असेल तर तोच घ्यावा.

खरेदीबाबत: शस्त्र कायदा 1959 च्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात. परदेशी साईटवरून मागवण्याआधी परवानाधारक विक्रेत्याकडून कागदपत्रं नीट समजून घ्या. सांवेर रोडला लेथवर रॉड कातून घेणं तर करूच नका. शस्त्राचा भाग बनवायला स्वतंत्र परवाना लागतो, आणि अंदाजाने कातलेल्या रॉडवर स्प्रिंग घासून तिची तार चिरते.

रॉड नीट निवडला तर वर्षानुवर्षं टिकतो. स्प्रिंगचं तसं नाही. 1911 प्रकारात ती दोन-तीन हजार गोळ्यांनंतर बदलतात. नवी स्प्रिंग आणली की तिची मोकळी लांबी मोजून पाकिटावर लिहा आणि बसवल्याची तारीखही टाका. जुनी तिच्यापेक्षा 12 मिमीने आखूड झाली असेल तर ती काढून टाका, मग गोळ्यांचा आकडा काही का असेना.