बंद गाडीतला दिवा आणि बॅटरीचं टर्मिनल

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत वर्षानुवर्षं एक सल्ला फिरतोय: गाडी बंद केल्यावरही डॅशबोर्डवर दिवा दिसला, तर बॅटरी गेली समजा आणि रोज रात्री टर्मिनल काढून ठेवा. दोन्ही चूक.

आधी दिवा कोणता ते बघा. लॉक केल्यावर थांबून थांबून लुकलुकणारा लाल दिवा बहुधा इमोबिलायझरचा, म्हणजे चोरीपासून राखण करणारा. त्याला लागणारा करंट नगण्य. काही गाड्यांत दार उघडेपर्यंत डिस्प्ले चालू राहतो, तोही दोष नाही.

सगळं पॅनल तासाभरानंतरही उजळलेलं असेल तर मात्र भानगड आहे. ऑटोमॅटिक गाडीत गिअर 'पी'वर नसणं, इग्निशन स्विच झिजणं, रिले (विजेवर चालणारा स्विच) चिकटणं, नाहीतर बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिमचं चुकीचं वायरिंग (माझा पहिला संशय कायम यावरच). पावसाळ्यानंतर कनेक्टरवर हिरवट थर धरतो, तोही तपासा.

बॅटरी इथे गुन्हेगार नाही, बळी आहे. ५ वॅटचा एक बल्ब साधारण ०.४ अँपिअर घेतो. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तो तीन-चार दिवसांत झोपवतो. नवी टाकलीत तर तीही झोपेल.

इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर (करंट मोजायचं यंत्र) लावायला सांगा. गाडी लॉक करून अर्धा तास थांबल्यावर ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा आला तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जायचं. ज्याने आकडा धपकन खाली येतो, त्या सर्किटमध्ये चोर.