ढोल कमरेला कसा आला

अनंत चतुर्दशीनंतर दोन दिवसांनी पुण्यातल्या कुठल्याही ऑफिसात चक्कर मारा, ढोल-ताशा पथकातली माणसं उठण्याबसण्यावरून ओळखू येतात. खुर्चीतून उठताना एक हात टेबलावर, दुसरा कमरेवर, डाव्या हाताच्या बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘काही नाही रे, परवा अलकापर्यंत वाजवलं.’ (अलका म्हणजे विसर्जन मिरवणुकीच्या शेवटचा चौक.) कौतुकही त्याच वाक्यात असतं आणि तक्रारही. मी स्वतः चार हंगाम ढोल बांधला, पाचव्या वर्षी कमरेने नकार दिला. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. हे वाद्य तर पिढ्यान्‌पिढ्या वाजतंय, मग कंबरदुखीची एवढी चर्चा आताच का होते?

सोपं उत्तर म्हणजे ढोलाचं वजन. ते खरंही आहे, पण अपुरं.

पुण्याच्या आसपास मुळशी, मावळ, वेल्हे, भोर या भागांत ढोल-लेझीम गावोगाव होतं. जत्रा, पालखी, शिमगा, वरात, प्रत्येकाला ढोल लागायचा. वाजवणारे शेतकरी. पावसाळाभर भातखाचरात वाकणारी, पोती उचलणारी, डोंगर चढणारी माणसं. त्यांच्यासाठी ढोल हे वर्षभराच्या ओझ्यांतलं एक ओझं, आणि त्यातल्या त्यात आनंदाचं. जुन्या लोकांची कंबर कधी दुखायचीच नाही, असं कुणी सांगितलं तर मात्र विश्वास ठेवू नका. दुखत असणारच. लिहून ठेवायला कुणी नव्हतं, आणि कंबर धरून बसायला सवड नव्हती. फरक इतकाच की त्यांच्या अंगाला ओझं नवीन नव्हतं.

शहरातल्या मिरवणुकीचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. सार्वजनिक गणेशोत्सव पुण्यात १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला उभा राहिला. पहिला गणपती कोणाचा, भाऊ रंगारींचा की टिळकांच्या पुढाकाराचा, हा वाद पुणेकर अजून चवीने घालतात. आपण त्यात पडायला नको. सुरुवातीच्या काळात मान होता तो मेळ्यांना. पदं, संवाद, कवायत, लेझीम. ढोल-ताशा होता, पण तो आणवला जायचा. वाजवणारे गावाकडून यायचे, बिदागी घेऊन जायचे. मंडळाचा कार्यकर्ता गुलाल उधळायचा, पण ढोल त्याच्या कमरेला नसायचा.

तो त्याच्या कमरेला आला शाळांमुळे. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. तिथल्या बरची (ढोलाच्या तालावरचं नृत्य) पथकाने पुण्यातल्या पांढरपेशा घरांतल्या मुलांना ढोल वाजवायला लावलं. आज हे ऐकून काही वाटत नाही, पण त्या काळातल्या सदाशिव पेठेत मुलाने ढोल बांधून रस्त्यावर नाचणं ही साधी गोष्ट नव्हती. पुढे मुलींचंही पथक आलं. मग रमणबाग, नूतन मराठी विद्यालय अशा शाळांची आणि माजी विद्यार्थ्यांची पथकं उभी राहिली. प्रत्येकाचे ‘हात’ वेगळे, शिस्त वेगळी. (बाहेरच्यांसाठी: ‘हात’ म्हणजे वाजवायचा ठेका. ‘तीन नंबरचा हात’ म्हटलं की पथकातल्या माणसाचे खांदे आपोआप हलतात.) लाऊडस्पीकरच्या भिंती वाढू लागल्या तशी पथकं हा सभ्य पर्याय ठरला आणि २००० नंतर तर त्यांचं पेवच फुटलं. आज शहर आणि परिसरात शंभराहून जास्त पथकं आहेत. एकेका पथकात कॉलेजची मुलंमुली, बँकेतले, आयटीतले, नवं लग्न झालेली जोडपी, सगळे.

कंबरदुखीचं मूळ मला या वळणावर दिसतं. ढोल तोच, पण तो उचलणारं शरीर बदललं. वर्षातले दहा महिने ते स्क्रीनसमोर बसलेलं असतं. बसून बसून मांडीपुढचे स्नायू आखडलेले, पोटाचे सैल पडलेले. जूनच्या अखेरीस सराव सुरू होतो, रोज संध्याकाळी दोन-तीन तास, आणि गणपती येईपर्यंत जेमतेम दोन महिने मिळतात. म्हाताऱ्या पैलवानालाही तालमीत परतायचं तर वस्ताद इतकी घाई करू देणार नाही.

आता ढोलाकडे नीट बघू. पिंप, म्हणजे मधला पोकळ भाग. दोन्ही बाजूंना पानं. ती ताणणाऱ्या कड्या नाहीतर नटबोल्ट. सगळं मिळून वजन साधारण आठ-दहा किलोपासून पुढे. व्यास दोन फुटांच्या आसपास. पानं डावी-उजवीकडे असल्यामुळे ढोलाचा सगळा घेर पोटाच्या पुढे येतो. एका पानावर उजव्या हातातलं टिपरू, म्हणजे वाजवायची काठी, बसतं, दुसऱ्यावर डाव्या हाताची उघडी थापी. दोरी कमरेला.

ही दोरी कटीला पुढे आणि खाली ओढते. पुढे ओढलं गेलं की माणूस पडू नये म्हणून छाती मागे नेतो. गरोदर बाई चालते तसा कमरेचा बाक वाढतो आणि मणक्यांचे मागचे सांधे एकमेकांवर दाबले जातात. उभ्याने वाजवताना कंबर भरून येते ती यामुळे. त्यात टिपरू डोक्यावर नेऊन आणायचं, म्हणजे दर ठोक्याला धड एका बाजूला वळतं. दोरी फार घट्ट बसली आणि नेमकी कटीच्या हाडाच्या पुढच्या टोकावर आली, तर तिथून मांडीकडे उतरणारी एक नस दबते. मग मांडीची बाहेरची बाजू बधिर होते, मुंग्या येतात. घट्ट पट्टा किंवा तंग जीन्स वापरणाऱ्यांनाही हाच त्रास होतो. पहिल्यांदा अनुभव आला की पोरं घाबरतात, मणका सरकला असं वाटतं. बहुतेकदा दोरी सैल करून काही दिवस गेले की तो जातो.

पण खरी लचक भरते ती वाजवताना नाही, उचलताना. ढोल टेम्पोतून उतरवायचा, रस्त्यावरून उचलून बांधायचा, घाईत, पाय न वाकवता. हिशोब करून बघा. पुढे वाकलेल्या माणसाच्या कमरेपासून ढोलाचा मध्य निदान चाळीस सेंटीमीटर पुढे असतो. त्याला तोलणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे जेमतेम पाच सेंटीमीटरवर. तराजूची दांडी एका बाजूला दुसरीपेक्षा आठ पट लांब असली तर काय होईल? दहा किलोचा ढोल धरायला स्नायूंना ऐंशी किलोंचा जोर लावावा लागतो. स्वतःच्या धडाचं वजन त्यात धरलेलंच नाही. चार तास वाजवून थकलेल्या पाठीला हे काम सांगायचं, तेही अंधारात, मागून पोलीस ‘चला, पुढे चला’ म्हणत असताना.

ताशावाल्यांचं दुखणं वेगळं. ताशा गळ्यात अडकवलेला, नजर काड्यांवर, मान पुढे. ढोलवाल्याला कंबर, ताशावाल्याला मान आणि मनगटं, ध्वजवाल्याला खांदा. पथकात कोण काय धरतं ते शेकायच्या पिशवीच्या जागेवरून कळतं.

वाद्य अंगावर कुठे लटकतं त्यावर दुखणं ठरतं, ही गोष्ट पुण्यापुरती नाही. प्रशियाच्या सैन्यात ताशासारखा छोटा ड्रम पट्ट्याने लटकवून डाव्या मांडीवर तिरका टेकवत. तिरक्या पानावर वाजवायचं म्हणून डावी काडी तळवा वर करून, अंगठ्याच्या बेचक्यात धरावी लागे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या लष्करी डॉक्टरांना असे ढोलकरी दिसू लागले, ज्यांचा डावा अंगठा एके दिवशी अचानक सरळच होईना. आधी तो लकवा समजला गेला. पुढे कळलं की अंगठा उचलणारी कंडराच, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीच, झिजून तुटलेली असते. लष्करातून तो तिरका ड्रम गेला, पण काडी धरायची ती पद्धत जॅझ वाजवणाऱ्यांत आजही टिकून आहे, सरळ ठेवलेल्या ड्रमवरसुद्धा. सवय वाद्यापेक्षा जास्त जगते. अमेरिकेतल्या कवायती बँडांनी १९७० नंतर गळ्यातले पट्टे काढून खांद्यांवर बसणाऱ्या चौकटी आणल्या, तेव्हा मानेचा भार उतरला आणि पाठीवर गेला.

बसून वाजवणारेही सुटलेले नाहीत. १९०९ मध्ये लुडविग बंधूंनी पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं पेडल बाजारात आणलं आणि ड्रमर स्टुलावर स्थिरावला. त्यानंतर शंभरेक वर्षांनी ब्रिटिश ड्रमर-गायक फिल कॉलिन्सची गोष्ट घडली. २००७ च्या दौऱ्यात मानेचा मणका दुखावला, २००९ मध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि हातांतली ताकद इतकी गेली की पुढच्या अल्बमसाठी त्याला काड्या हाताला टेपने बांधून वाजवावं लागलं. नंतरच्या दौऱ्यांत तो खुर्चीत बसून गायला आणि ड्रमवर त्याचा मुलगा होता.

पुन्हा पुण्यात येऊ. शरीर बदललं तसं वाद्यही बदललं. पूर्वी पान कातड्याचं असायचं. पावसात ते उतरायचं, मग शेकोटी करून ढोल तापवायचा. हा वेळ वाया गेला असं वाटायचं, पण त्या निमित्ताने कंबर मोकळी व्हायची. आता प्लास्टिकचं पान. पाऊस असो नसो, ते उतरत नाही, नटबोल्टने हवं तितकं आवळता येतं, आवाज कडक आणि लांब जातो. तेवढंच ते टिपऱ्याला परत फेकतं. तो धक्का मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात. थापीच्या हाताची आणखी एक गंमत आहे, गंमत म्हणायची तर. कोंगा हे ड्रम उघड्या तळहाताने बराच वेळ वाजवल्यावर लघवी लाल-तपकिरी झाल्याची नोंद अमेरिकी डॉक्टरांनी १९७४ मध्ये केली. तळहाताच्या वारंवार आघाताने तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि त्यांचा रंग मूत्रातून उतरतो. आपल्या वादकांपैकी कुणाला मिरवणुकीनंतर तसं दिसलं तर ‘पाणी कमी प्यायलो’ म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावं.

शरीर आणि वाद्यानंतर राहतो वेळ. मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून अलका चौकापर्यंतचा रस्ता दोनेक किलोमीटरचा. धट्टाकट्टा माणूस अर्ध्या तासात चालून जाईल. मिरवणूक संपायला मात्र अलीकडे अठ्ठावीस-तीस तास लागतात, आणि एकेक पथक त्यात पाच-सहा तास ढोल बांधून उभं असतं. वाजवताना फार वाटत नाही. वाटेवरच्या बेलबाग चौकात सलामी देताना तर काहीच जाणवत नाही. त्रास होतो तो थांबल्यावर. पुढचं मंडळ हलत नाही, ढोल सोडता येत नाही कारण कधीही ‘चला’ होईल, मग पाऊण तास तसंच, एका पायावरून दुसऱ्या पायावर. मी ज्या वर्षी कंबर गमावली, त्या वर्षी अशाच एका थांब्यात, वाजवताना नाही.

म्हणून पथकात बदली वादक लागतात. एकाने दोन हात वाजवायचे, ढोल सोडायचा, दुसऱ्याने बांधायचा. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने एका पथकात तीसच जण असावेत असा आदेश दिला. १२ सप्टेंबरला, म्हणजे विसर्जनाला पाचच दिवस उरले असताना, सर्वोच्च न्यायालयाने त्या मर्यादेला स्थगिती दिली. सगळी चर्चा आवाजाची झाली, आणि आवाजाचा प्रश्न खराच आहे. मिरवणुकीत शंभर डेसिबलच्या घरात तासन्‌तास उभं राहणाऱ्या वादकाचे कान हा वेगळ्या लेखाचा विषय. पण त्या दिवसांत माझ्या मनात आलं ते वेगळंच. तीस जणांत बदलीला माणूस उरतो कुठे?

सुधारणा होत नाहीत असं नाही. पिंपं हलकी झाली. काही जण खांद्याचा पट्टा लावून भार वाटून घेतात, जुने वादक त्यावर नाक मुरडतात, कारण खांद्याला बांधलेला ढोल नाचवता येत नाही. सरावाआधी सूर्यनमस्कार घालणारी पथकं आहेत. मला सगळ्यात खटकतं ते मापाचं. पंचेचाळीस किलोंची मुलगी आणि नव्वद किलोंचा गडी, दोघांनाही एकाच मापाचा ढोल मिळतो. शाळेच्या गणवेशालाही तीन मापं असतात. लहान ढोल मागणं म्हणजे कमीपणा, ही समजूत पथकांनी स्वतःच मोडायला हवी. आवाजाला त्याने काही बाधा येत नाही. पन्नास ढोलांत पाच लहान असले तर अलका चौकातल्या कुणाला कळणार आहे?

एक उपाय मात्र गावाकडून आलेला, जसाच्या तसा चालू आहे. दोरी थेट अंगावर घ्यायची नाही, खाली मऊ कापड गुंडाळायचं. बाजारात फोम भरलेले कंबरपट्टे मिळतात, चांगले आहेत, पण दोन तासांच्या घामाने ते सरकतात. आमच्या पथकातल्या एका मुलीने पहिल्याच वर्षी आजीचं जुनं सुती लुगडं आणलं, नऊवारी, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. आठ पदरी घडी घालून तिने ते कटीच्या हाडांवर आवळून घेतलं आणि वर दोरी टाकली. शेवटच्या दिवशी पहाटे ढोल सोडला तेव्हा आमच्या सगळ्यांच्या कमरेवर दोरीचे वळ होते, तिच्या कमरेवर नव्हते. पुढच्या हंगामात सरावाच्या पहिल्या संध्याकाळी नदीपात्रात आठ-दहा जण आपापल्या घरची लुगडी घेऊन आले होते.