व्हर्च्युअलबॉक्सचं अपडेट फसलं? काहीही डिलीट करण्याआधी हे वाचा

कापसाचा हंगाम सुरू झाला की ठरलेला फोन येतो : "भाऊ, अपडेट मारलं आणि जिनिंगचा सगळा हिशेब उडाला." हिशेब उडालेला नसतो. पण फोन करेपर्यंत घाबरून जी बटणं दाबली जातात, त्यांनी मात्र तो खरंच उडू शकतो. म्हणून हा कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवा.

तुमचं जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर डॉसवर चालणारं. आजची ६४-बिट विंडोज डॉसचे प्रोग्रॅम चालवतच नाही, म्हणून आम्ही लॅपटॉपमध्ये व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून त्याच्या पोटात जुनी विंडोज एक्सपी बसवून दिली. हा आतला कॉम्प्युटर म्हणजेच 'मशीन'. इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. व्हर्च्युअलबॉक्स हे गोदामाचं कुलूप, आणि 'व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम्स' या फोल्डरमधली व्हीडीआय नावाची मोठी फाइल हा माल. अपडेटमध्ये बिघडतं ते कुलूप. व्हर्च्युअलबॉक्स पूर्ण काढून पुन्हा टाकलं तरी व्हीडीआय जागेवरच राहते.

माल जातो तो एकाच ठिकाणी. मशीन सुरू होत नाही म्हणून लोक यादीतल्या नावावर राइट क्लिक करून 'रिमूव्ह' दाबतात. मग एक खिडकी येते, तिच्यात 'डिलीट ऑल फाइल्स' असं बटण असतं. ते दाबू नका. रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्यांनी ते दाबलं होतं. पेन ड्राइव्हवर दोन महिन्यांपूर्वीची कॉपी होती म्हणून निभावलं, मधल्या पावत्या मात्र वहीवरून परत भराव्या लागल्या.

अपडेट झालं, पण मशीन उघडत नाही

निम्म्याहून जास्त तक्रारी याच असतात. खिडकीची फुली दाबली की तीन पर्याय येतात आणि आपण सवयीने पहिला, म्हणजे 'सेव्ह द मशीन स्टेट' निवडतो. त्यात एक्सपी बंद होत नाही, आहे त्या स्थितीत गोठते. जुन्या व्हर्जनने गोठवलेली ही स्थिती नव्या व्हर्जनला पुष्कळदा उघडता येत नाही. अशा वेळी मशीनच्या नावावर राइट क्लिक करून 'डिस्कार्ड सेव्ह्ड स्टेट' करा आणि पुन्हा सुरू करा. चालत्या कॉम्प्युटरची वीज गेल्यावर जेवढं नुकसान होतं तेवढंच होईल : न साठवलेलं काम जाईल, बाकीचं राहील. हिशेबाचा प्रोग्रॅम उघडाच राहिला असेल, तर आत गेल्यावर त्याचं री-इंडेक्स (नोंदींची सूची नव्याने बांधणं) एकदा चालवून घ्या. पुढच्या वेळी अपडेटआधी एक्सपी तिच्या स्टार्ट मेनूतून बंद करा, म्हणजे हा प्रश्नच येणार नाही.

अपडेटच अर्ध्यात थांबतं आणि मागे फिरतं

आधी लॅपटॉप रीस्टार्ट करा. हसू नका. खिडकी बंद दिसली तरी व्हर्च्युअलबॉक्सचा 'व्हीबॉक्सएसव्हीसी' हा प्रोग्रॅम मागे चालू राहिलेला असतो आणि तोच फाइली धरून बसतो. मग सेटअपच्या फाइलवर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा. ७.० पासूनच्या व्हर्जनला मायक्रोसॉफ्टचं 'व्हिज्युअल सी प्लस प्लस २०१९ रीडिस्ट्रिब्युटेबल' आधी लागतं, ते नसेल तर सेटअप तसं सांगून थांबतो. जागा वाचवायला कुणी डी ड्राइव्हवर टाकायला गेलं, तर नवी व्हर्जन्स फोल्डरच्या परवानग्या तपासून नकार देऊ शकतात. प्रोग्रॅम सी ड्राइव्हवरच राहू द्या. डीवर ठेवायची तर व्हीडीआय ठेवा.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेबद्दलची सूचना आली तर 'येस' म्हणून पुढे जा, आपल्याला ते लागत नाही. नेटवर्कची सूचना मात्र खरी असते. थोडा वेळ इंटरनेट तुटतं, तेव्हा ई-वे बिल काढता काढता अपडेट करू नका. आणि बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर, लाइट जायच्या वेळेला तर मुळीच नको.

कासव दिसतंय?

मशीनच्या खिडकीत खाली उजवीकडे हिरवं कासव दिसलं, तर विंडोजचं हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची अशीच सोय) किंवा मेमरी इंटिग्रिटी (सुरक्षेची एक सेटिंग) चालू आहे. त्यामुळे काम मंदावतं. मोबाइलवर व्हिडिओ बघून मेमरी इंटिग्रिटी बंद करू नका, ती लॅपटॉपच्या सुरक्षेसाठी आहे. हिशेबाच्या कामाला कासवाची चाल पुरते, असा आमचा अनुभव आहे.

एक्स्टेन्शन पॅक

व्हर्च्युअलबॉक्स मोफत आहे. एक्स्टेन्शन पॅक, म्हणजे त्याला वरून जोडायच्या जादा सोयी, घरगुती वापराला मोफत, धंद्यासाठी त्याचं लायसन्स लागतं. पूर्वी यूएसबी २ आणि ३ साठी तो टाकावा लागे. ७.० पासून ती सोय मूळ सॉफ्टवेअरमध्येच आली. म्हणून दुकानाच्या, जिनिंगच्या लॅपटॉपवरून आम्ही तो काढून टाकतो. तुमच्याकडे लायसन्ससह असेल, तर व्हर्च्युअलबॉक्सचं आणि पॅकचं व्हर्जन एकच ठेवा. अपडेटनंतर जुना पॅक तसाच राहिला की मशीन अडतं.

आमच्याकडे येताना

एरर आली की 'ओके' दाबण्याआधी तिचा मोबाइलवर फोटो काढा. "काहीतरी इंग्रजीत आलं होतं" एवढ्यावरून आम्हाला अंदाजच बांधावा लागतो. जमलं तर मशीनच्या फोल्डरमधल्या 'लॉग्ज'मधली 'व्हीबॉक्स.लॉग' फाइल पाठवा. व्हीडीआयची कॉपी करायला रिकामी हार्ड डिस्क आणा, कारण कॉपी घेतल्याशिवाय आम्ही हात लावत नाही, त्याला वेळ लागतो. आणि चार्जर विसरू नका.