जे दवाखान्यात येत नाहीत, त्यांचे आरोग्य

ग्रामीण भागातील एखाद्या लहान रुग्णालयाचे काम जोखायचे झाले, तर बाह्यरुग्ण विभागात वर्षभरात किती रुग्ण आले, बाळंतपणे किती झाली, शस्त्रक्रिया किती झाल्या, असेच प्रश्न सहसा विचारले जातात. या आकड्यांवरून रुग्णालय किती गजबजलेले होते ते समजते. भोवतालची गावे किती निरोगी झाली, हे मात्र समजत नाही. ते समजण्यासाठी भागाकार करावा लागतो आणि भागाकाराला छेद लागतो. उपचार घेणारे मधुमेही हा अंश झाला. परिसरात एकूण मधुमेही किती, हा छेद. मोठ्या शहरातील रुग्णालयाकडे कोठूनही कोणीही येत असल्यामुळे त्याला हा छेद सहसा हाती लागत नाही. मोजक्या गावांच्या मधोमध असलेल्या लहान रुग्णालयाला तो घरोघर फिरून मोजता येतो, आणि माझ्या मते यंत्रसामग्रीच्या तुटवड्यावर मात करणारे त्याचे खरे बळ यातच आहे.

उच्च रक्तदाबाचे उदाहरण घेऊ. हा विकार वर्षानुवर्षे काहीच त्रास देत नाही, त्यामुळे त्यासाठी आपण होऊन दवाखान्यात जाण्याचे माणसाला कारणच नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी जवळपास निम्म्यांना आपल्याला तो आहे हेच माहीत नसते, आणि ज्यांचा दाब उपचाराने आटोक्यात आहे असे लोक पाचांत एक एवढेच भरतात. याचा अर्थ असा, की दारात आलेल्या प्रत्येकावर उत्तम उपचार करणाऱ्या रुग्णालयाच्या परिसरातही पक्षाघात आणि हृदयविकार फारसे न घटता चालू राहू शकतात. कारण ज्यांना ते होणार असतात त्यांतले बरेच जण दारात आलेलेच नसतात.

वेल्समधील ग्लिनकोरुग या कोळशाच्या खाणींच्या गावात काम करणारे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी या अडचणीवर शोधलेला उपाय फार साधा होता. कोणत्याही गावातील बहुतेक माणसे चार-पाच वर्षांत एकदा तरी, खोकल्यासाठी म्हणा, पाठदुखीसाठी म्हणा किंवा एखाद्या दाखल्यासाठी म्हणा, डॉक्टरांकडे येऊन जातात. त्या प्रत्येक भेटीत, तक्रार कोणतीही असली तरी, रक्तदाब मोजून गावाच्या यादीत नोंदवायचा. अशा रीतीने यादी भरत गेली, की शेवटी थोडी नावे कोरी राहतात आणि घरी जाऊन गाठायचे ते एवढ्यांनाच. या पद्धतीवरील त्यांचा लेख १९७० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे १९९१ मध्ये पंचवीस वर्षांच्या कामाचा आढावा प्रसिद्ध झाला, तेव्हा असा कार्यक्रम नसलेल्या शेजारच्या गावाच्या तुलनेत येथील पासष्ट वर्षांखालील मृत्यूंचे प्रमाण कमी असल्याचे दिसले. दोनच गावांच्या तुलनेवरून कार्यकारणाचा निर्विवाद निष्कर्ष निघत नाही, हे खरे. पण खाणी बंद पडून बेकारी वाढत असलेल्या गावात हे घडले, हेही विसरता येत नाही.

अर्थात अशा यादीची किंमत तिच्यातील आकड्यांच्या अचूकपणावर ठरते, आणि रक्तदाबाचा आकडा चुकणे फारच सोपे आहे. चालत आलेल्या माणसाला लगेच खुर्चीत बसवून, त्याच्याशी गप्पा मारत मारत दाब घेतला तर तो खऱ्यापेक्षा जास्त येतो. म्हणून आधी पाच मिनिटे शांत बसवायचे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि पायावर पाय नको. दंडाच्या मानाने पट्टा अरुंद असला तरी आकडा फुगतो. हाताच्या पातळीमागे तर सरळ भौतिकशास्त्र आहे. दंड हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटीमीटर खाली लोंबत असेल, तर तेवढ्या उंचीच्या रक्ताच्या स्तंभाचा भार मोजणीत मिसळतो आणि वरचा व खालचा असे दोन्ही दाब पाऱ्याच्या सात ते आठ मिलिमीटरने वाढलेले दिसतात. ज्याचा वरचा दाब प्रत्यक्षात १३४ आहे, त्याची नोंद १४२ अशी होते. म्हणजे १४०/९० या सीमेच्या अलीकडचा माणूस केवळ हात ठेवायला टेबल नव्हते म्हणून रुग्ण ठरतो, आणि कदाचित जन्मभराची गोळी त्याच्या मागे लागते. वेगवेगळ्या दोन दिवशी दाब मोजल्याखेरीज निदान करू नये, हा नियम त्यासाठीच आहे. नव्या तपासणी यंत्रासाठी देणगी मागणाऱ्या रुग्णालयांनी आधी योग्य मापांचे पट्टे आणि टेकायला एक टेबल घ्यावे, असे सुचवावेसे वाटते.

सरसकट सगळ्या तपासण्या एकाच दिवशी उरकणाऱ्या आरोग्य शिबिरांबद्दलही थोडे सावध बोलले पाहिजे. समजा, एखादा आजार शंभरात एकाला आहे, आणि त्याची चाचणी आजारी माणसांपैकी ९० टक्क्यांना व निरोगी माणसांपैकीही ९० टक्क्यांना बरोबर ओळखते. हजार जणांची तपासणी केली, तर दहा आजारी माणसांपैकी नऊ जण सापडतील. पण उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी ९९ जणांनाही आजार असल्याचे सांगितले जाईल. चाचणीत दोष निघालेल्या १०८ जणांत खरोखर आजारी नऊच. उरलेल्यांच्या पुढील तपासण्या कोण करणार, खर्च कोण देणार आणि त्यांच्या मनातील धास्ती कोण दूर करणार, याचे उत्तर तयार नसेल, तर ते शिबिर न भरवणेच हिताचे. आजार बऱ्यापैकी आढळणारा हवा, त्यावरचा उपचार जवळपास मिळणारा हवा आणि पाठपुरावा करणारे माणूस नेमलेले हवे. या तिन्ही गोष्टी असतील तेथेच चाळणी चाचणीला अर्थ आहे.

पाठपुरावा करणारे हे माणूस बहुधा डॉक्टर नसते. गडचिरोलीत डॉक्टर अभय बंग आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातीलच स्त्रियांना नवजात बाळांची देखभाल शिकवली. बाळाचे वजन करणे, त्याला ऊबदार ठेवणे, स्तनपानासाठी आईला मदत करणे, जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाचा श्वास सुरू करणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही कामे त्या घरी जाऊन करीत. संसर्गाचे निदान ऐकायला अवघड वाटते, परंतु त्याच्या काही खुणा मोजता येतात. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे. ते साठ किंवा अधिक भरले, तर पुन्हा मोजायचे, आणि तरीही तेवढेच आले, तर धोका समजायचा. तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच कमी-जास्त होत असतो, त्यामुळे अर्धे मिनिट मोजून दुप्पट करणे येथे चालत नाही. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कार्यक्रमाच्या तिसऱ्या वर्षी या ३९ गावांतील नवजात मृत्युदर तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला होता. प्रशिक्षण, औषधांचा पुरवठा, नियमित देखरेख आणि गुंतागुंत झाल्यास पाठवण्याचे ठिकाण हे सारे मागे उभे असल्याशिवाय अशी कार्यकर्ती फार काळ टिकत नाही, आणि लहान रुग्णालयाने उचलायचा वाटा हाच.

आहार, व्यायाम आणि तंबाखू यांवरील भाषणांचा उपयोग मर्यादित असतो. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, हा सल्ला भिंतीवर लावून फारसे काही बदलत नाही. घरात महिन्याला किती मीठ येते आणि खाणारी माणसे किती, हा हिशेब कुटुंबासोबत बसून केला, तर निदान बोलण्याला धरबंध येतो.

निकाल वाचताना मात्र लहान संख्यांचे भान ठेवावे लागते. गेल्या वर्षी परिसरात तीन अर्भके दगावली आणि यंदा एक, म्हणून मृत्यू दोन-तृतीयांशाने घटले, असा अहवाल लिहिण्याचा मोह होतो. पण एवढा चढउतार निव्वळ योगायोगानेही होतो. चार-पाच वर्षांचे आकडे एकत्र करावेत, किंवा मृत्यूंऐवजी अधिक वारंवार घडणाऱ्या गोष्टी मोजाव्यात. मृत्यूंचा उपयोग वेगळ्या प्रकारे होतो: प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी करून धोका ओळखायला उशीर झाला, वाहन मिळायला झाला, की रुग्णालयात पोहोचल्यावर झाला, हे शोधता येते.

सर्वांत अवघड भाग पैशांचा आहे. रुग्णालयाचे उत्पन्न दाखल रुग्णांवर अवलंबून असेल, तर टाळलेला पक्षाघात जमाखर्चात तोटा म्हणूनच उमटतो. परिसरातील प्रत्येक माणसामागे ठरावीक वार्षिक रक्कम मिळत असेल, तर आजार टाळणे परवडू लागते. पण मग गरजूवरही उपचार न करता रक्कम वाचवण्याचा उलटा मोह उभा राहतो. म्हणून अशा रकमेसोबत काही मोजमापे बांधून घ्यावी लागतात: किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आहे, किती बालकांचे लसीकरण पूर्ण झाले, पुढे पाठवलेल्या रुग्णांपैकी किती जण तेथे खरोखर पोहोचले. यांतले शेवटचे मोजमाप सर्वांत कमी ठिकाणी ठेवले जाते, वास्तविक त्यासाठी दुसऱ्या दिवशी एक फोन पुरतो.