पेट शॉपची नोंदणी: ससे, हॅमस्टर, पक्षी विकणाऱ्यांचे अर्ज नेमके कुठे अडकतात

कुत्र्या-मांजरांचा धंदा करणाऱ्यांना एव्हाना कळून चुकलंय की नोंदणीशिवाय गत्यंतर नाही. अर्ज रखडतात ते जास्त करून ससे, गिनी पिग, हॅमस्टर, पांढरे उंदीर आणि पिंजऱ्यातले पक्षी विकणाऱ्यांचे. मुठीत मावणाऱ्या जिवाला कसली आलीय नोंदणी, असं म्हणत फॉर्म कसाबसा भरला जातो आणि त्रुटीपत्र आलं की मग धावपळ सुरू होते. त्या त्रुटी बहुतेक वेळा ठरलेल्याच असतात.

आधी नियम थोडक्यात. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० याखाली केंद्र सरकारने २०१८ साली पेट शॉप नियम काढले. कुत्रा, मांजर, ससा, गिनी पिग, हॅमस्टर, उंदीर वर्गातले प्राणी आणि बंदिस्त पक्षी यांची विक्री त्यात येते. अट एवढीच की त्या प्राण्याची मालकी किंवा विक्री दुसऱ्या कायद्याने बंद नसावी. मासे या यादीत नाहीत. मात्र माशांच्या दुकानात दर्शनी भागी बजीच्या (बजरीगर या छोट्या पोपटाच्या) दोन जोड्या टांगल्या की ते दुकान पेट शॉप झालं, हे लक्षात ठेवा.

अर्ज राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे, ठरलेल्या नमुन्यात. शुल्क ५,००० रुपये, अर्ज फेटाळला तरी परत मिळत नाही. अर्जदार सज्ञान आणि करार करायला कायद्याने पात्र हवा. प्राण्यांविषयीच्या कायद्यांखाली शिक्षा झालेली असेल तर अर्ज करण्यात अर्थ नाही. जागेची तपासणी होते, मग प्रमाणपत्र मिळतं. ते पाच वर्षं चालतं आणि दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.

साठ दिवसांचा घोळ

नियमांत साठ दिवसांची मुदत आहे, पण ती नियम लागू झाले तेव्हा आधीपासून चालू असलेल्या दुकानांसाठी होती. ती केव्हाच उलटून गेली. 'दुकान उघडा, साठ दिवसांत अर्ज टाका' असं सांगणारे एजंट आजही भेटतात. त्यांचं ऐकू नका. आधी प्रमाणपत्र, मग प्राणी, हाच क्रम. अर्ज दिल्याची पोच म्हणजे परवाना नव्हे. पोच फ्रेम करून भिंतीवर लावणाऱ्यांनाही तेच लागू.

खरं तर १९६०च्या कायद्यातला दंड ऐकून कुणी घाबरणार नाही. कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षं उलटली तरी आकडा तोच. घाबरायचं ते दुसऱ्या गोष्टीला: नोंदणी नसलेलं दुकान सील होऊ शकतं आणि आतले प्राणी जप्त होऊन प्राणी कल्याण संस्थेकडे जाऊ शकतात. त्या महिन्याचं भाडं, पगार आणि अडकलेलं भांडवल यांची बेरीज करून पाहा.

कुणाकडेच नसलेला कागद

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडखळतात: प्राणी आणता कुठून? कुत्र्यांसाठी २०१७ चे वेगळे प्रजनन नियम आहेत, त्यामुळे ब्रीडरचा नोंदणी क्रमांक निदान मागता तरी येतो. हॅमस्टर आणि गिनी पिगचं काय? ते येतात घाऊकवाल्याकडून, पुठ्ठ्याच्या खोक्यात, 'पेट्स ५० नग' असं लिहिलेल्या कच्च्या चिठ्ठीवर. हा पुरावा चालत नाही, आणि चालूही नये.

पळवाट नाही, कारण नियमांतली 'पेट शॉप'ची व्याख्याच रुंद आहे. घाऊक व्यापार, आठवडी बाजारातली जागा आणि ऑनलाइन विक्री, तिन्ही त्यात बसतात. म्हणजे तुमच्या घाऊकवाल्यालाही स्वतःची नोंदणी लागते. त्याच्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, जात, नर-मादी आणि नग वेगवेगळे लिहिलेलं पक्कं बिल, आणि पिल्लांचा जन्म कधीचा, ते सांगणारी नोंद. तो 'आमच्यात असं काही नसतं' म्हणाला तर पुरवठादार बदला. नोंदणी नसलेल्याचं नाव अर्जात लिहून मोकळे होणारे स्वतःच्याच फाईलला सुरुंग लावतात.

जन्माची तारीख मागण्यामागे कारण आहे. ससा जितका लहान, तितका पटकन खपतो. म्हणून चार आठवड्यांची पिल्लं 'मिनी' म्हणून पाठवली जातात. दूध तोडलेल्या, प्रवासात उपाशी राहिलेल्या अशा पिल्लाचं आतडं सुस्तावतं, जुलाब लागतात आणि आठवडाभरात ते दगावतं. आठ आठवड्यांआधी ससा घेऊच नका. प्रवासात गवत आणि पाणी दिलं जातं का, तेही विचारा. सशाच्या आणि गिनी पिगच्या पोटाला दिवसभराचा उपास झेपत नाही.

लव्हबर्ड म्हणजे नेमका कोण?

पक्ष्यांच्या रकान्यात 'लव्हबर्ड' एवढंच लिहिलेले अर्ज सर्रास दिसतात. बाजारात आपण बजीलाही लव्हबर्ड म्हणतो. कागदावर हे वेगवेगळे पक्षी आहेत आणि कायद्यात त्यांची जागाही वेगळी आहे. बजी, कॉकाटील आणि पीच-फेस लव्हबर्ड 'साइट्स' (CITES) या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीबाहेर आहेत. फिशर्स आणि मास्क्ड लव्हबर्ड मात्र यादीत आहेत. जावा स्पॅरो यादीत, झेब्रा फिंच बाहेर. सन कॉन्युअर, मकाव, आफ्रिकन ग्रे, इग्वाना, बॉल पायथॉन हे सगळे यादीत.

यादीतल्या प्राण्यांना वन्यजीव (संरक्षण) कायद्याची २०२२ ची दुरुस्ती लागू होते. ते आता अनुसूची चार मध्ये येतात. त्यांच्यासाठी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर वेगळी नोंद करावी लागते आणि जन्म, मृत्यू, हस्तांतर तिथेच कळवावं लागतं. पेट शॉपचं प्रमाणपत्र आहे म्हणून ही नोंद टळत नाही आणि ही नोंद आहे म्हणून पेट शॉपची नोंदणी टळत नाही. दोन कायदे, दोन खाती, आणि एका खात्याला दुसऱ्याचं काही ठाऊक नसतं. प्रती दोन्हीकडे तुम्हालाच फिरवाव्या लागतात. म्हणून रकान्यात इंग्रजी व्यापारी नावासोबत शास्त्रीय नावही लिहा.

आपला हिरवा पोपट, मुनिया, मैना, स्टार कासव यांचा प्रश्नच नाही. हे आपल्याकडचे वन्यजीव आहेत, विक्री बंद म्हणजे बंद. 'पिंजऱ्यातच जन्मलाय' हा खुलासा चालत नाही. तपासणीच्या दिवशी मागच्या खोलीत पोपटाचा एक पिंजरा सापडला, तर मग विषय नोंदणीचा राहत नाही, वनखातं येतं.

नगांचा हिशेब जुळत नाही तेव्हा

खरेदीचं बिल सहा हॅमस्टरचं, नोंदवहीत विक्री दोनची, आणि पिंजऱ्यात चौदा. असा हिशेब निघाला की तपासणाऱ्याला वाटतं बेहिशेबी माल आणलाय, दुकानदाराला वाटतं उगाच छळतायत. बहुतेक वेळा कारण साधं असतं: नर-मादी एकत्र ठेवले होते. सीरियन हॅमस्टरची मादी साधारण १६ दिवसांत विते, उंदीर तीन आठवड्यांत, ससा महिन्याभरात. गिनी पिगचा नर जेमतेम तीन आठवड्यांचा झाला की प्रजननाला समर्थ होतो, मादी चार आठवड्यांची झाली की गाभण राहू शकते. पुढे दोन महिने पोटात पिल्लं वाढत असतात, त्यामुळे विकत घेतलेली मादी ग्राहकाच्या घरी जाऊन विते. मग तक्रार येते ती वेगळीच.

उपाय: माल आला त्याच दिवशी नर-मादी ओळखणाऱ्याकडून तपासून वेगळे करा. पिंजऱ्यावर क्रमांक टाका आणि नोंदवहीत खरेदी, जन्म, मृत्यू, विक्री असे चार रकाने रोजच्या रोज भरा. मृत्यू लपवू नका. खोकं उघडल्यावर दोन मेलेले निघाले तर तेही लिहा. पन्नासातला एकही मेला नाही असं सांगणारी वहीच संशयाची ठरते. सीरियन हॅमस्टर एकेकटेच ठेवा. मोठे झाल्यावर ते एकमेकांना फाडतात आणि तोही नग वहीत कमी होतो.

तपासणीत आणखी एक गोष्ट सहज दिसते: ससे आणि गिनी पिग एकाच पिंजऱ्यात. सशाच्या श्वासनलिकेत बोर्डेटेला नावाचे जंतू निमूट राहू शकतात. तेच गिनी पिगला न्यूमोनिया करतात. शिवाय गिनी पिगला क जीवनसत्त्व रोज बाहेरूनच मिळावं लागतं, सशाचं खाद्य त्याला पुरत नाही. सांधे सुजलेला, हलायला तयार नसलेला गिनी पिग जाणत्या पशुवैद्याला दाराशीच सगळं सांगून जातो.

तळाला नुसती जाळी असेल तर पंजांना जखमा होतात. बसण्यापुरता तरी सपाट, कोरडा भाग द्या. नव्या मालासाठी आणि आजारी प्राण्यासाठी वेगळी जागा नकाशात दाखवा आणि ती खरोखर ठेवा. नकाशात 'विलगीकरण कक्ष' आणि प्रत्यक्षात तिथे खाद्याची पोती, हे चित्र तपासणाऱ्यांना नवीन नाही. उन्हाळ्यात शटर बंद असताना आत किती तापतं, वीज गेली तर काय, सुट्टीच्या दिवशी खायला कोण घालणार, याचं उत्तर अर्जातच लिहा. 'व्यवस्था आहे' हे उत्तर नाही. माणसाचं नाव आणि वेळ हे उत्तर.

जागेचे आणि डॉक्टरचे कागद

इथे अडकण्याचं काहीच कारण नाही, तरी लोक अडकतात. भाडेकरार नोटरी केलेला असतो. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच लागतो. अकरा महिन्यांचा असला तरी. 'अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही' ही ऐकीव गोष्ट सोडून द्या.

गुमास्ता परवान्याचाही गोंधळ असाच. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे वीसपेक्षा कमी कामगार असतील तर (२०२५ च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा दहा होती) नोंदणी नसते, फक्त सूचना द्यायची आणि त्याची पोच मिळते. समोरचा लिपिक 'प्रमाणपत्र' मागतो, तुमच्याकडे असते पोच, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. वाद घालत बसू नका. कलम नमूद करून 'कामगार वीसपेक्षा कमी असल्याने सूचनेची पोच जोडली आहे' अशी एक ओळ पत्रात लिहून द्या. ही ओळ नसल्यामुळे चांगल्या फाईली धूळ खात पडतात, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पण तूर्त तेच खरं.

पत्ता सगळ्या कागदांवर अक्षरशः एकच हवा. करारावर 'गाळा क्र. ३', वीजबिलावर 'शॉप नं. ३ ए', अर्जावर नुसतं इमारतीचं नाव, असं झालं की त्रुटी लागलीच.

पशुवैद्यकाचं पत्र नोंदणीकृत पशुवैद्यकाचंच चालतं, म्हणजे पदवीधर आणि राज्य पशुवैद्यक परिषदेचा क्रमांक असलेला. पदविकाधारक अनुभवी असेल, पण त्याच्या सहीने हे काम होत नाही. पत्रावर क्रमांक आहे का ते सादर करण्याआधी बघा. आणि तो डॉक्टर लहान प्राणी बघतो का, हेही विचारा. गाई-म्हशींच्या डॉक्टरला हॅमस्टरचे जुलाब दाखवून उपयोग नाही, आणि त्या जुलाबाने हॅमस्टर दोन दिवसांत जातो.

एकापेक्षा जास्त शाखा असतील तर

साखळी दुकानांची नेहमीची चूक: मुख्य कार्यालयाचं एक प्रमाणपत्र, त्याच्या झेरॉक्स प्रती सगळ्या शाखांत. नोंदणी जागेची होते. प्रत्येक शाखेचा अर्ज वेगळा, ५,००० वेगळे, तपासणी वेगळी. शाखांना माल पुरवणारं मध्यवर्ती गोदाम असेल आणि तिथे प्राणी ठेवले जात असतील तर त्याचाही अर्ज करा. 'तिथे विक्री होत नाही' म्हणून ते सुटत नाही, कारण विक्रीसाठी ठेवणंही व्याख्येत आहे. फ्रँचायझी असेल तर अर्ज प्रत्यक्ष दुकान चालवणाऱ्याच्या नावाने करा. पुढे फ्रँचायझी बदलली की नव्या माणसाला नवा अर्ज करावा लागतो. जुन्या प्रमाणपत्रावर नुसतं नाव चढवून मिळत नाही.

एका शाखेतून दुसऱ्या शाखेत प्राणी हलवले की दोन्ही वह्यांत नोंद हवी, एकीकडे जावक, दुसरीकडे आवक, तारीख तीच. शनिवारी मागणी वाढली म्हणून दुसऱ्या शाखेचे दहा बजी उचलून आणले आणि सोमवारी तपासणी लागली, तर दहा पक्षी एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी निघतात. स्पष्टीकरण खरं असतं, पण कागदावर नसतं.

प्रमाणपत्र मिळालं की ते दुकानात दर्शनी भागी लावायचं, वर्षाचा अहवाल मंडळाला पाठवायचा आणि मुदत संपण्याच्या आत नूतनीकरणाचा अर्ज टाकायचा. पाच वर्षं मोजायची ती प्रमाणपत्रावरच्या तारखेपासून, दुकानाच्या उद्घाटनापासून नाही. ती तारीख नोंदवहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा.