स्विचला पत्ते सांगतं कोण?

परीक्षेच्या गाइडांमध्ये स्टार टोपोलॉजीचं, म्हणजे संगणक ताऱ्यासारखे जोडण्याच्या रचनेचं, उत्तर ठरलेलं असतं: मध्ये एक यंत्र, भोवती संगणक, चार फायदे, दोन तोटे. मधलं यंत्र करतं काय, यावर फारसं कुणी बोलत नाही. आज ते यंत्र म्हणजे बहुधा नेटवर्क स्विच. त्यामुळे हा स्विच म्हणजे विजेच्या एक्स्टेन्शन बोर्डासारखी नुसती जोडणी, असा अनेकांचा समज होतो.

१९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज इथरनेट, म्हणजे जवळजवळचे संगणक तारेने जोडण्याची पद्धत, घडवत होते, तेव्हा त्यात स्टार नव्हताच. एकच कोअॅक्सियल केबल, तिच्यावर सगळे संगणक. पुढे बारीक केबल आली तरी एक जोड सैल झाला की सिग्नल तिथून उलटा फिरे आणि अख्खं ऑफिस ठप्प. १९९० मध्ये टेन-बेस-टी हे मानक आलं आणि प्रत्येक संगणकाला मधल्या हबपर्यंत, म्हणजे सगळ्या केबली जिथे येतात त्या पेटीपर्यंत, स्वतःची केबल मिळाली, १०० मीटरपर्यंत. आता केबल तुटली तर एकाच संगणकाचं काम अडणार.

पण हब बावळट. एका पोर्टातून (केबल लावायच्या खाचेतून) आलेलं तो बाकी सगळ्या पोर्टांत ओतायचा. दिसायला स्टार, वागायला जुनी सामाईक तार. दोघे एकदम बोलले की टक्कर ठरलेली.

स्विचचं तसं नाही. चालू होतो तेव्हा कोणता पत्ता कोणत्या पोर्टावर हे सांगणारा त्याचा तक्ता कोरा असतो आणि तो कुणी भरूनही देत नाही. इथरनेटवर माहिती फ्रेम नावाच्या तुकड्यांत जाते; प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला ४८ बिटांचे दोन मॅक पत्ते, म्हणजे यंत्रांच्या नेटवर्क जोडणीचे ओळख क्रमांक, असतात, आधी घेणाऱ्याचा, मग पाठवणाऱ्याचा. स्विच शिकतो तो पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून! समजा पोर्ट ३ वरच्या संगणकाने पोर्ट ७ वरच्या प्रिंटरला फ्रेम पाठवली. (त्याआधी प्रिंटरचा मॅक पत्ता विचारून घ्यायची, एआरपी नावाची विचारपूस सोडून देऊ.) स्विच लिहून ठेवतो: हा पत्ता पोर्ट ३ वर. प्रिंटर कुठे आहे ते अजून ठाऊक नाही, म्हणून ३ सोडून सगळीकडे ती फ्रेम सोडतो. प्रिंटर उत्तर देतो, त्या उत्तरात पाठवणारा म्हणून त्याचाच पत्ता असतो, की झाली दुसरी नोंद. पुढचं संभाषण फक्त ३ आणि ७ मध्ये. त्याच क्षणी १ आणि ५ आपलं वेगळं बोलू शकतात. पाठवणं आणि घेणं वेगवेगळ्या वाटांनी होत असल्याने टक्करही उरत नाही. संगणक दुसऱ्या पोर्टात लावला तर त्याच्या पहिल्याच फ्रेमला नोंद बदलते. गप्प बसला तर साधारण ३०० सेकंदांनी पुसली जाते.

हे सगळं साध्या कॅट-५-ई केबलवर छान चालतं. १०० एमबीपीएसच्या घरगुती प्लॅनसाठी सोनेरी मुलाम्याची ‘गेमिंग केबल’ घेणाऱ्याला वेग मिळत नाही, बिल मिळतं.

एक खोड मात्र आहे. एकाच केबलची दोन्ही टोकं चुकून त्याच स्विचमध्ये लागली, तर सर्वांसाठीची फ्रेम त्या फेऱ्यात सापडते. इंटरनेटवरच्या आयपी पॅकेटला आयुष्याची मर्यादा असते, इथरनेट फ्रेमला नाही; ती फिरत राहते, तिच्या प्रती वाढत जातात आणि जाळं गुदमरतं. यावर १९८५ मध्ये रेडिया पर्लमन यांनी स्पॅनिंग ट्री हा उपाय काढला: जादा वाटा स्विचनेच बंद ठेवायच्या. स्वस्त घरगुती स्विचांत ही सोय बहुधा नसते. तिथे ती केबल शोधून उपसावी लागते.